चर्चच्या उपासनेत मुलं शांत बसत नाहीत, म्हणून घरीच थांबावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोरला चार वर्षांचा, धाकटा दीड वर्षाचा. तुमचे मिस्टर वाद्यवृंदात, म्हणजे दीड तास ते समोर आणि तुम्ही दोघांना घेऊन शेवटच्या बाकावर. संदेश, म्हणजे प्रवचन, सुरू झाला की थोरला बाकाखाली शिरतो, मोठ्यानं बोलतो. त्याचं बघून धाकटा रडायला लागतो. मग तुम्ही बाहेर येता, थोरल्याच्या हातात फोन देता आणि उरलेली उपासना आवारातच संपते. मागच्या रविवारी पुढच्या बाकावरच्या एका आजी वळून म्हणाल्या, "एवढं असेल तर घरीच ठेवत जा ना." आता तुम्ही विचारताय की मुलं मोठी होईपर्यंत चर्चला जाणंच थांबवावं का, की त्यांना गप्प बसवायचा काही खात्रीचा उपाय आहे.

जाणं थांबवू नका. खात्रीचा उपाय मात्र नाही. मी चोवीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते आहे, त्यातली अकरा वर्षं आठवडाभर बालवाडीतही शिकवत होते, आणि माझी तीन मुलं याच बाकांवर वाढली. या सगळ्या काळात एकाच युक्तीनं सगळी मुलं शांत बसलेली मी पाहिली नाहीत. पण तुमच्या घरी जे चाललंय त्यातलं बरंचसं बदलता येण्यासारखं आहे.

आधी खरी अडचण कुठे आहे ते बघू. "गप्प कसं बसवू" असं तुम्ही विचारलंय, पण तुमच्या मजकुरात मला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे दोन मुलांच्या गरजा एकमेकांच्या उलट आहेत आणि त्यांच्यामागे माणूस एकच आहे. दुसरी, तुम्ही अशा जागी बसता जिथून मुलांना काहीच दिसत नाही. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी म्हणजे थोरल्याला कळलेलं आहे की आवाज केला की बाहेर जायला मिळतं, आणि बाहेर आतपेक्षा चांगलं असतं. तो वाईट मुलगा नाही. दर रविवारी त्याला जे शिकायला मिळालं ते तो नीट शिकला आहे.

धाकट्याचं आधी सांगते, कारण ते लवकर सांगून होईल. दीड वर्षाचं मूल शांत बसत नाही, कारण त्याला ते जमतच नाही. नुकतंच चालायला लागलेलं असतं आणि शरीर सारखं तेच मागत असतं. मनात आलेली गोष्ट न करता थांबणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि तो भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. दीड वर्षाच्या बाळाकडे त्यातलं जवळजवळ काहीच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे मार्गदर्शन दिलं, त्यात मुलाला ढकलगाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीशी बांधून एका वेळी एक तासाहून जास्त अडकवून ठेवू नये असं सांगितलं आहे. तुमची उपासना दीड तासाची. तेव्हा धाकट्याला मधून एकदा-दोनदा बाहेर न्यायचंच आहे, असं घरून निघतानाच ठरवून निघा. आधी ठरवून नेलं की त्यात हार वाटत नाही. त्याला हात धरून चालवा, पाणी पाजा, परत आणा. त्याच्यापुरतं शिस्त, धाक, समजावणं हे सगळं बाजूला ठेवा. या वयात नेमकं आईपासून दूर जाण्याची भीतीही असते. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत ती चांगलीच जाणवते. म्हणून तुमच्या चर्चमध्ये पाळणाघराची सोय असली तरी तो तिथे रडत असेल, तर त्यानं मन खट्टू करून घेऊ नका. सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

थोरल्याची गोष्ट वेगळी. चार वर्षांच्या मुलाला शिकवता येतं, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे.

शांत बसणं हे एक कौशल्य आहे, आणि ते रविवारी सकाळी शिकवता येत नाही. रविवारी फक्त ते वापरता येतं. बालवाडीत मी हे रोज बघत असे. ज्या घरांत दिवसातून एकदा सगळे मिळून पाच मिनिटं बसतात, प्रार्थनेला म्हणा, गोष्टीला म्हणा, त्या घरातलं मूल वर्गात गोलात बसायला आठवड्याभरात शिकायचं. बाकीच्यांना महिने लागायचे. म्हणून तुमचं खरं काम सोमवार ते शनिवार आहे. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं. थोरला मांडीवर किंवा तुमच्या शेजारी टेकून. एक गीत, एक छोटी प्रार्थना, आणि मग जेमतेम अर्धा मिनिट काही न बोलता बसणं. दर आठवड्याला हे थोडं वाढवा. दहा मिनिटांपर्यंत गेलात की पुरे, घरी दीड तासाचा सराव करायची गरज नाही.

याच पाच मिनिटांत त्याला प्रभूची प्रार्थना, येशूनं शिष्यांना शिकवलेली ती, पाठ होऊ द्या. समजावून सांगायच्या मागे लागू नका, फक्त रोज रात्री त्याच्यासमोर म्हणा. तीन-चार वर्षांची मुलं ऐकून ऐकून ती पूर्ण म्हणायला लागतात, मधले काही शब्द चुकतात, चुकू द्या. हे मी इतक्या आग्रहानं का सांगते? आपल्या उपासनेत मुलाच्या कानावर जे पडतं त्यातलं बहुतेक त्याच्यासाठी अनोळखी असतं. वाक्यं लांब, शब्द मोठे, बोलणारा माणूस दूर. आणि मग अचानक सगळी मंडळी उभी राहते आणि दोनशे माणसं एका सुरात तेच म्हणायला लागतात जे तो रात्री आईच्या कुशीत म्हणतो. त्या क्षणी मुलाचा चेहरा बघा. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती आईचा हात ओढून म्हणाली होती, "आपली प्रार्थना यांना कोणी सांगितली?" त्या दिवसापासून ती त्या क्षणाची वाट बघत बसायची. वाट बघणारं मूल बाकाखाली जात नाही. जी मंडळी ठरलेल्या क्रमानं उपासना करतात, किंवा ज्यांच्याकडे मिस्सा, म्हणजे कॅथलिक पद्धतीची उपासना, असते, त्यांना तर असे क्षण बरेच मिळतात: प्रतिसाद, श्रद्धांगीकार (विश्वासाची कबुली), "आमेन". एकेक करून घरी शिकवा. जे मुलाला स्वतः म्हणता येतं तिथे त्याचं लक्ष आपोआप येतं.

दुसरी घरी शिकवायची गोष्ट म्हणजे कुजबुजणं. आपण मुलांना "हळू बोल" म्हणतो आणि ती तेच मोठ्यानं, फक्त तोंड जवळ आणून बोलतात, कारण हळू म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. त्याची दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवा आणि नेहमीसारखं बोलायला सांगा. गळा थरथरतो. आता फक्त श्वासानं बोलायला सांगा. गळा स्थिर राहतो, कारण कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. "गळा गुणगुणला नाही पाहिजे" एवढाच नियम. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि चार वर्षांच्या मुलाला तो दोन-तीन दिवसांत जमतो. मग उपासनेत "शूऽऽ" करायची गरज पडत नाही. तुम्ही फक्त स्वतःच्या गळ्याला बोट लावायचं. आपलं "शूऽऽ" हे बहुतेक वेळा मुलाच्या आवाजापेक्षा जास्त लांब ऐकू जातं.

तिसरी गोष्ट शनिवारची. उद्या कोणता शास्त्रपाठ आहे ते पाळकांना विचारून ठेवा. काही चर्चमध्ये पाठ तीन वर्षांच्या ठरलेल्या चक्रानुसार येतात, तिथे तर ते आधीच कळतात. ती गोष्ट रात्री मुलाला सांगा, आणि त्यातला एक शब्द त्याला द्या. मेंढरू, होडी, भाकर, जो असेल तो. "उद्या हा शब्द आला की माझा हात दाब." मी वर्गातल्या पालकांना हे सांगते तेव्हा अनेकांना ते पोरकट वाटतं. पण ऐकणं म्हणजे काहीतरी पकडण्यासाठी कान देणं, हे मोठ्यांचंही असंच असतं.

आता बाकावर येऊ. पुढे बसा. तुम्ही शेवटी बसता कारण पटकन बाहेर पडता यावं आणि कमी लोकांनी बघावं. मला ते पूर्ण समजतं, मीही दोन वर्षं तशीच बसले. पण मीटरभर उंचीचं मूल शेवटच्या बाकावरून काय बघतं? पाठी. माणसांच्या पाठी आणि बाकाची फळी. दीड तास फळीकडे बघत बसा म्हटलं तर आपणही चुळबुळ करू. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत, कडेच्या जागेवर बसा, जिथून मधली वाट किंवा बाजूचं दार जवळ आहे. तिथून त्याला वडील वाजवताना दिसतील, पाळकांचा चेहरा दिसेल, मेणबत्ती, अर्पणाच्या थाळ्या, बाप्तिस्म्याचं पाणी दिसेल. आपल्या उपासनेत बघण्यासारखं खूप असतं, आणि वाचता न येणाऱ्या मुलासाठी तोच तिचा मजकूर असतो. एकच अपवाद: समोर मोठा ध्वनिक्षेपक असेल तर त्याच्या तोंडासमोर बसू नका.

उभं राहायचं तेव्हा त्याला उभं करा, अगदी बाकावर चढवून, म्हणजे दिसेल. गीताच्या वेळी पुस्तक त्याच्या हातात द्या, वाचता येत नसलं तरी, आणि ओळीवरून बोट फिरवा. अर्पण त्याच्या हातानं टाकू द्या. उभं राहणं, बसणं, गाणं, डोळे मिटणं, हे आलटूनपालटून होत असतं तोवर चार वर्षांचं मूल ठीक असतं. अवघड तो संदेशाचा भाग. म्हणून मुलासाठी घरून आणलेली पिशवी तोवर उघडायचीच नाही. बहुतेक आया बसल्याबसल्या खेळणी काढतात आणि संदेश सुरू होईपर्यंत सगळं संपलेलं असतं. पिशवीत फार काही नको: कोरे कागद, तीन-चार जाड रंगखडू, एक कापडी किंवा जाड पानांचं पुस्तक. खडू तिकोनी मिळाले तर बघा, ते घरंगळत नाहीत. धातूची गाडी, बटण दाबून वाजणारं काही, नको. खाऊ असेल तर त्याचं वेष्टन घरीच काढून डब्यात भरा. ही पिशवी फक्त रविवारीच निघते, एरवी नाही, म्हणजे तिची नवलाई टिकते.

फोन मात्र नको, ताई. त्याच जागतिक मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात पडद्यासमोर एक तास ही वरची मर्यादा आहे, आणि दीड वर्षाच्या बाळाला पडदा मुळीच नको असं म्हटलंय. पण माझं कारण याहून साधं आहे. कागदावर रंगवणारं मूल कान उघडे ठेवून रंगवतं. मध्येच मान वर करून ते विचारतं, "तो हरवलेला मुलगा घरी आला का?" फोन बघणारं मूल त्या खोलीतच नसतं.

आणि आता बाहेर जाण्याचं, जिथे तुमची गाठ बसली आहे.

मूल जोरात रडायला किंवा ओरडायला लागलं तर बाहेर जायलाच हवं. बाकीचेही देवाचं वचन ऐकायला आले आहेत, त्यांचा मान ठेवायला हवा. किती थांबायचं? मी पालकांना सांगते, मनात एकदा प्रभूची प्रार्थना म्हणा. साधारण अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात शांत झालं नाही तर उचला आणि न रागावता, न बोलता बाहेर पडा. चुळबुळ, एखादा प्रश्न, खडू पडणं, यासाठी बाहेर जाऊ नका. तो मंडळीत मूल असण्याचा आवाज आहे.

बाहेर गेल्यावर थोरल्याला खाली सोडू नका. कडेवर किंवा हाताला धरून दाराजवळच उभ्या राहा, आतलं ऐकू येईल अशा. पळणं नाही, फोन नाही, खाऊ नाही, लांबलचक भाषणही नाही. एकच वाक्य, शांतपणे: "तू गप्प झालास की आपण आत जाऊ." तो गप्प झाला की पुन्हा एक प्रभूची प्रार्थना होईल एवढं थांबा आणि आत जा. आत जाणं हा यातला मुख्य भाग आहे, आणि तोच सगळ्यांकडून सुटतो. आपल्याला वाटतं, आता दहाच मिनिटं राहिली, कशाला पुन्हा सगळ्यांसमोरून चालत जायचं. पण मुलानं त्या दिवशी शिकायचं ते त्या परत जाण्यातच असतं. पहिल्या रविवारी चार-पाच वेळा बाहेर यावं लागेल. दुसऱ्या रविवारी कदाचित जास्त, कारण तो तपासून बघेल की नियम खरा आहे का. माझ्या अनुभवात चौथ्या-पाचव्या रविवारपर्यंत फरक दिसायला लागतो.

पण हे करण्यापूर्वी दर वेळी स्वतःला विचारा, हा हट्ट आहे की याला जमतच नाहीये? झोपेची वेळ, भूक, ताप येऊ घातलाय, दात, शू लागली आहे, अंगातले कपडे टोचताहेत, अशा वेळी दारात उभं करून शिकवायला गेलो तर तो छळ होतो. तेव्हा सरळ गरज भागवा. उपासना नेमकी झोपेच्या वेळेवर येत असेल आणि तुमच्या चर्चमध्ये दुसऱ्या वेळीही उपासना होत असेल, तर वेळच बदला. त्यानं निम्मा प्रश्न सुटतो. शनिवारी लवकर झोप, रविवारी घाई न करता निघणं, आणि सुरू व्हायच्या दहाच मिनिटं आधी पोहोचणं. अर्धा तास आधी गेलात तर त्याचा बसण्याचा सगळा धीर पहिल्या गीताआधीच संपतो. आणि आत जाण्यापूर्वी शौचालय, न चुकता.

इथवरचं दोन वाक्यांत सांगायचं तर धाकट्याला ठरवून बाहेर न्यायचं आणि त्याला काही शिकवायचं नाही. थोरल्याला आठवडाभर घरी शिकवायचं, रविवारी पुढे बसवायचं, आणि बाहेर जाणं त्याच्यासाठी कंटाळवाणं करायचं.

आता तुम्ही म्हणाल, मी एकटी हे दोन्ही कसं करू? एक चालायला मागतोय, दुसऱ्याला दारात धरून उभं राहायचंय. बरोबर आहे. हे एकट्या माणसाचं काम नाही, आणि तुमच्या मजकुरातलं हेच वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, जे तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. तुमचे मिस्टर दर रविवारी सेवा करतात, ते मोलाचंच आहे. पण आत्ता त्यांच्या घरातली दोन मुलं आणि बायको उपासनेच्या बाहेर उभी आहेत. त्यांच्याशी बोला. तीन महिने वाद्यवृंदातून रजा, किंवा एक आड एक रविवार, किंवा गीतं झाली की संदेशाच्या वेळी खाली येऊन तुमच्या शेजारी बसणं. यातलं शेवटचं बहुतेक ठिकाणी सहज जमतं, कारण संदेश चालू असताना वाजवायचं काही नसतंच. अगदीच शक्य नसेल तर मंडळीतल्या एखाद्या आत्याबाई, एखादी कॉलेजातली मुलगी, कोणीतरी एक माणूस ठरवून तुमच्या बाकावर बसायला सांगा. दर रविवारी तेच माणूस हवं, म्हणजे धाकटा त्याच्याकडे जाईल. मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. मला स्वतःला कोणाला विचारायला दीड वर्ष लागलं, आणि विचारल्यावर त्या बाई म्हणाल्या, "मी वाटच बघत होते, पण तुम्हाला आवडेल की नाही कळेना."

त्या आजींबद्दल. शब्द बोचले असणार, मी ते हलकं करत नाही. पण एक गोष्ट मला वयस्क लोकांबरोबर काम करताना कळली. ज्यांच्या कानाला यंत्र असतं त्यांना आजूबाजूचा आवाजही वाढून ऐकू येतो. मागच्या बाकावरची कुजबुज आणि रडणं थेट कानात आदळतं आणि समोरचे शब्द त्यात बुडतात. काही आजी-आजोबांसाठी आठवड्यातली ती एकच सभा असते, आणि तीही ऐकू येत नाही. त्या आजींचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. पण उपासनेनंतर दोन्ही मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा. माफी मागायला नको, ओळख करून द्यायला जा. थोरल्याला त्यांचं नाव कळू दे, त्यांना त्याचं. नावानं ओळखीच्या मुलाचा आवाज माणूस जास्त सहन करतो. तरीही कोणी तसंच बोलत राहिलं, तर ते पाळकांच्या कानावर घाला. तो भार एकट्या आईनं वाहायचा नाही.

पवित्र शास्त्र याबाबत कुठे उभं आहे, हेही तुम्ही शेवटी विचारलं होतं. मार्क १०:१३-१६ तुम्हाला माहीत आहे. मुलांना आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावलं, आणि येशू रागावला तो शिष्यांवर. लूक १८:१५ मध्ये मूळ ग्रीक शब्द तर तान्ह्या बाळांसाठीचा आहे. म्हणजे ऐकून काही समजण्याचं ज्यांचं वय नाही तीही तिथे आणली गेली होती. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात (३१:१२) नियमशास्त्राच्या वाचनासाठी पुरुष, स्त्रिया आणि मुलं सगळ्यांना एकत्र करायला सांगितलंय. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते: नहेम्या ८ मध्ये एज्रा शास्त्री नियमशास्त्र पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो, तेव्हा ऐकून समजू शकणारे लोक जमले होते असा उल्लेख आहे. म्हणून मी लहानग्यांसाठी वेगळी सोय करणाऱ्या चर्चना नावं ठेवत नाही. कॅथलिक चर्चनं १९७३ मध्ये मुलांसोबतच्या मिस्साविषयी जी निर्देशिका काढली, तिच्यात अगदी लहान बाळांना वेगळ्या जागी सांभाळून शेवटी आशीर्वादासाठी मंडळीत आणावं, अशी वाट मोकळी ठेवली आहे. त्यांच्या कायद्यात रविवारच्या मिस्सेचं बंधन सात वर्षं पूर्ण होण्याआधी मुलावर येत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत उलट बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही प्रभुभोजन दिलं जातं, आणि मूल पहिल्यापासून सगळ्यांच्या मध्येच असतं. संडे स्कूलचंही तसंच. १७८० मध्ये रॉबर्ट रेक्सनी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये ती सुरू केली ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. मुलांना उपासनेपासून लांब ठेवण्यासाठी नव्हे. मी स्वतः संडे स्कूलची शिक्षिका असूनही पालकांना म्हणते की मुलाला निदान सुरुवातीची गीतं आणि शेवटचा आशीर्वाद आईवडिलांच्या शेजारी मिळू द्या, मधला वेळ माझ्याकडे पाठवा.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि ही मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. माझी मोठी मुलगी साडेतीन वर्षांची असताना एका रविवारी ती ऐकेना म्हणून मी तिच्या मांडीला, कोणाला दिसणार नाही असा, चिमटा काढला. ती एकदम गप्प झाली. पुढचे अनेक रविवार ती उपासनेत माझा उजवा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची. मला वाटायचं किती मायेनं धरते. एकदा सहज हात सोडवायला गेले तेव्हा तिनं माझ्या चेहऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यात कळलं की ती हात धरत नव्हती, अडवत होती. चिमटा, डोळे वटारणं, "घरी चल मग बघते", आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे "देव बघतोय, देव शिक्षा करेल", यांनी मूल गप्प होतं हे खरं आहे. पण त्या शांततेत ते देवाच्या घराबद्दल काय शिकतं, ते आपल्याला बरीच वर्षं कळत नाही.

लालूचही टाळा. "शांत बसलास तर अमुक घेऊन देईन" म्हटलं की उपासना ही सहन करायची गोष्ट ठरते. त्याऐवजी नंतर नेमकं सांगा: "अर्पणाच्या वेळी तू थाळी किती सांभाळून पुढे दिलीस." बिघडलं असेल तर घरी जाताना त्याचा पाढा वाचू नका. आणि आशीर्वाद झाल्यावर आवारात त्याला मनसोक्त पळू द्या. दीड तास शरीर आवरून धरलेल्या मुलाचा तो हक्क आहे.

अजून एक. हे सगळं मी सर्वसाधारण वाढ असलेल्या मुलाला धरून लिहिलं. तुमचा मुलगा गीतं सुरू झाली की कान झाकतो का, गर्दीत शिरताच घाबराघुबरा होतो का, ठरलेल्या क्रमात छोटासा बदल झाला तरी सावरायला त्याला फार वेळ लागतो का? तसं असेल तर दारात उभं करण्याचा नियम त्याला लावू नका. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. आम्ही त्याला आधी दोन-तीनदा आठवड्यातल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये नेलं, कुठे काय असतं ते दाखवलं, आवाज कमी करणारे कर्णरक्षक दिले आणि ध्वनिक्षेपकापासून लांबची एक कायमची जागा ठरवली. त्याच्यासाठी वीस मिनिटं बसणं हाच पूर्ण रविवार होता, आणि ते पुरेसं होतं. अशी शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

येत्या रविवारपुरतं एवढंच करा. आजपासून रात्रीची पाच मिनिटं सुरू करा आणि मिस्टरांशी बोला. रविवारी दुसऱ्या रांगेत कडेला बसा, फोन घरी किंवा मिस्टरांच्या खिशात. दोघांना एकदम सांभाळायला कोणी मिळालं नाही, तर पहिले काही रविवार धाकट्याला घरच्या कोणापाशी ठेवता येतं का बघा आणि थोरल्याला एकट्याला घेऊन जा. त्यालाही दीड वर्षांत तुमच्याबरोबर असा एकट्यानं वेळ मिळालेला नसणार. चार रविवार झाले की काय झालं ते कळवा, त्यावरून पुढचं बोलू.